हजीऱ्याची दमट हवा, खान्देशचं ऊन : जुन्या गाडीत मोठं इंजिन बसवताना एसी कसा टिकवायचा?

मे महिना, लग्नसराई आणि गावाची ओढ. सुरतच्या उधना, लिंबायत, डिंडोली भागात राहणारी आणि हजीऱ्याच्या कारखान्यांत, बंदरात कामाला जाणारी आपली कितीतरी खान्देशी मंडळी या दिवसांत गावाकडे निघतात. रस्ता ठरलेला. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, विसरवाडी, मग कोंडाईबारीचा घाट आणि पुढे साक्री, धुळे. नंदुरबारवाले विसरवाडीहून वळतात. हाच राष्ट्रीय महामार्ग ५३. तो हजीऱ्यापासूनच सुरू होतो.

या रस्त्यावर आजही अधूनमधून एखादी जुनी अँबेसेडर, काँटेसा किंवा जीप दिसते. वडिलांनी घेतलेली असते, विकायला मन होत नाही. पण घाट आला की गाडी दम टाकते, आणि एसी चालू असेल तर दुसऱ्या गियरवरून वर सरकत नाही. मग गॅरेजवर कुणीतरी म्हणतं, "भाऊ, इंजिनच मोठं टाक ना!" इंजिन मिळतं, बसतंही. आणि एसीचं काय, असं विचारलं की उत्तर येतं, "एसीचं नंतर बघू."

हे "नंतर बघू" फार महागात पडतं. इंजिन बसल्यावर कळतं की कंप्रेसरला जागाच नाही, कंडेन्सर आणि रेडिएटर एकमेकांना टेकतात, जुने पाइप पोचत नाहीत. शेवटी गाडीला ताकद मिळते, पण म्हातारी आई मागच्या सीटवर ओला पंचा डोक्यावर घेऊन बसते. म्हणून सांगायचं ते एवढंच : एसीचं मोजमाप इंजिन उतरवायच्या आधी करायचं. ते कसं करायचं, ते पायरीपायरीने बघू.

मोठं इंजिन आणि एसी यांचा संबंध काय?

गाडीच्या एसीचा कंप्रेसर इंजिनाच्या बेल्टवर फिरतो. त्याला साधारण ३ ते ५ अश्वशक्ती लागते, कडक उन्हात त्याहून थोडी जास्तही. आजच्या ८०-९० अश्वशक्तीच्या गाडीला हे जाणवत नाही. पण अँबेसेडरचं जुनं १४८९ सीसीचं डिझेल इंजिन जेमतेम ३७ अश्वशक्तीचं होतं. त्यातली चार कंप्रेसरने खाल्ली की एक दशांशाहून जास्त ताकद गेली. घाटात गाडी का रडते, ते इथे कळतं.

ही अडचण कंपनीलाही आली होती. हिंदुस्तान मोटर्सची काँटेसा १९८४ मध्ये आली तेव्हा तिच्यात अँबेसेडरचंच १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं, ताकद ५० अश्वशक्तीच्या आसपास. एवढी मोठी आणि जड गाडी, त्यात एसी, आणि इंजिन हे! पुढे तिच्यात इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन आलं, ताकद ८८ अश्वशक्तीच्या घरात गेली आणि काँटेसा खऱ्या अर्थाने एसीची गाडी झाली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हेच इंजिन अँबेसेडरमध्येही आलं, ती १८०० आयएसझेड. नंतर इसुझूचं १९९५ सीसीचं डिझेलही आलं. म्हणजे "जुन्या गाडीत मोठं इंजिन आणि एसी" हा प्रयोग काही गॅरेजवाल्याच्या डोक्यातून निघालेला नाही, कंपनीनेच तो करून दाखवला आहे.

फरक एवढाच की कंपनीने इंजिन बदललं तेव्हा कंप्रेसरचं ब्रॅकेट, रेडिएटर, पुली, वायरिंग सगळं त्या हिशोबाने बसवलं. गॅरेजमध्ये नुसतं इंजिन बदललं जातं, बाकीचं राहून जातं.

आधी कागद, मग पाना

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथे चुकलात तर पुढचं सगळं वाया.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीने ठरवून दिलेल्या आणि आरसीत नोंदवलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हेच ठामपणे सांगितलं. मान्यतेने केलेला बदल १४ दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवून आरसीवर चढवून घ्यावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ आलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

म्हणून जुन्या बाजारातून परक्या कंपनीचं मोठं इंजिन उचलण्याआधी आरटीओत जा. तुमच्या मॉडेलमध्ये कंपनीनेच कधी मोठं इंजिन दिलं असेल तर अर्जात तो मुद्दा मांडा. निर्णय त्यांचा, पण उत्तर लेखी घ्या. इंजिन विकणाऱ्याकडून बिल आणि ज्या गाडीतून ते निघालं तिचे कागद घ्या. इंजिन नंबर चोरीच्या गाडीचा निघाला तर एसी राहू द्या, गाडीच जाईल.

आपल्या सीमाभागातल्या लोकांसाठी आणखी एक गोष्ट. गाडी एमएच-३९ ची आणि मालक कायम सुरतेत, असं बऱ्याच जणांचं असतं. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर तिथला नवा क्रमांक घ्यावा लागतो, त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी लागते. त्यात गाडी १५ वर्षांपेक्षा जुनी असेल तर नूतनीकरणासाठी तपासणी आलीच. आरसीवर एक इंजिन नंबर आणि बॉनेटखाली दुसरा, अशी गाडी दोन्ही राज्यांत अडकते. विमा कंपनीलाही बदल कळवा. अपघातानंतर न कळवलेलं इंजिन सापडलं तर दावा लटकू शकतो.

परवानगी मिळत नसेल तर शेवटचा भाग वाचा. आहे त्या इंजिनावर एसी सुधारण्याचे मार्गही आहेत.

हजीरा कुलिंग कॉइलची परीक्षा घेतो, खान्देश कंडेन्सरची

एसी कसा चालतो ते थोडक्यात. कंप्रेसर गॅस दाबतो, तो तापतो. पुढच्या जाळीमागचा कंडेन्सर त्याची उष्णता बाहेर टाकतो आणि गॅसचा द्रव होतो. तो ड्रायरच्या बाटलीतून एक्स्पान्शन व्हॉल्व्हकडे जातो, तिथे दाब एकदम उतरतो आणि डॅशबोर्डखालची कुलिंग कॉइल गार पडते. ब्लोअर तिच्यावरून हवा फेकतो. गॅस परत कंप्रेसरकडे. चक्र पूर्ण.

आता आपल्या रस्त्याची दोन टोकं घ्या. समजा हजीऱ्याला ३४ अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता आहे. त्या हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे २८ ग्रॅम पाण्याची वाफ असते. धुळ्याला ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर साधारण साडेआठ ग्रॅम. वाफेचं पाणी करायला एसीला भरपूर काम पडतं, एका ग्रॅममागे सुमारे २.४ किलोज्यूल. हिशोब केला तर कळतं की बाहेरून आत घेतलेली तेवढीच हवा गार करायला हजीऱ्याला धुळ्याच्या दुपटीहून जास्त काम करावं लागतं, तापमान आठ अंशांनी कमी असूनही! म्हणूनच सुवाळीच्या बाजूला फिरताना एसीतून थेंब गळत राहतात आणि गारवा मात्र हळूहळू येतो.

खान्देशात उलट. हवा कोरडी, कॉइलला काम कमी. पण कंडेन्सरला आपली उष्णता ४२-४४ अंशांच्या हवेत टाकायची असते. गॅसचा दाब चढतो, कंप्रेसर जड होतो, आणि त्यातच कोंडाईबारीचा चढ.

म्हणून या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला दोन्ही लागतात : चांगली कुलिंग कॉइल आणि मोठा कंडेन्सर. सुरतेत एसी छान लागला म्हणून गाडी घेतली आणि साक्रीजवळ एसी बसला, ही तक्रार यातूनच येते.

मोजमाप कशाचं घ्यायचं?

इंजिन अजून जुन्या बाजारात आहे, तुमच्या गाडीत आलेलं नाही, तेव्हाच टेप घेऊन जा. पाच गोष्टी बघा.

१. कंप्रेसर कुठल्या बाजूला आहे? मोठ्या इंजिनाचा कंप्रेसर खाली उजवीकडे असेल आणि तुमच्या गाडीत तिथेच स्टिअरिंग बॉक्स असेल तर अडचण आली. आपल्या गाड्यांचं स्टिअरिंग उजवीकडे. त्यामुळे डाव्या बाजूला किंवा वर कंप्रेसर असलेलं इंजिन सहसा सोयीचं पडतं.

२. इंजिनाबरोबर त्याचा स्वतःचा कंप्रेसर, ब्रॅकेट, पुली आणि टेन्शनर मिळतोय का? हे सगळं एकत्र घ्या. विकणारा म्हणेल, "ब्रॅकेट काय, लेथवाला बनवून देईल." बनवून देतो, पण कंपनीच्या ब्रॅकेटची सर त्याला येत नाही.

३. इंजिनाच्या पुढच्या टोकापासून पंख्याच्या पात्यांपर्यंत लांबी किती? मोठं इंजिन लांब असतं. रेडिएटर पुढे सरकवला तर कंडेन्सरला जागा उरते का?

४. मॅनिफोल्ड आणि सायलेन्सरचा पाइप कुठल्या बाजूला येतो? एसीचे पाइप त्याच्या विरुद्ध बाजूने न्यायचे.

५. बॉनेट बंद होईल का? हसू नका, हे शेवटी आठवतं.

कोणाचा भाग कुठला ठेवायचा?

सोपा नियम लक्षात ठेवा. इंजिनाला लागलेलं सगळं इंजिनाबरोबरचं. केबिनमधलं सगळं जुन्या गाडीचं. मधले पाइप नवे. कंडेन्सर हवामान बघून.

*कंप्रेसर.* नव्या इंजिनाचाच ठेवा. तो इंजिनावरच बसला पाहिजे, चेसिसवर कधीही नाही. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, चेसिस हलत नाही. कंप्रेसर चेसिसवर बसवला की बेल्ट उडतो नाही तर ब्रॅकेट तडकतं. ब्रॅकेट बनवावंच लागलं तर जाड पट्टीचं, किमान तीन-चार बोल्टांवर आणि पुली एका रेषेत. दोन-तीन मिलिमीटरचा फरकही बेल्ट खातो. कंप्रेसर उलटा किंवा भलत्या कोनात बसवू नका, आतलं तेल जागेवर राहत नाही.

*पुली.* जुनाच कंप्रेसर नव्या इंजिनावर लावणार असाल तर हा हिशोब करा. इंजिनाची पुली १५० मिलिमीटर आणि कंप्रेसरची १२५ असेल तर कंप्रेसर इंजिनाच्या १.२ पट वेगाने फिरतो. डिझेल इंजिन ४,००० फेऱ्यांपर्यंत गेलं तर कंप्रेसर ४,८०० वर, ठीक आहे. पण पेट्रोल इंजिन ६,००० वर गेलं तर कंप्रेसर ७,२०० वर. तो त्याच्या मर्यादेत आहे का, हे कंप्रेसरच्या माहितीपत्रकात बघा. उलट पुली फार मोठी घेतली तर आयडलला कंप्रेसर इतका हळू फिरतो की इच्छापोरच्या ट्रकांच्या रांगेत गारवाच येत नाही.

*कुलिंग कॉइल आणि ब्लोअर.* डॅशबोर्डखालचं युनिट चांगलं असेल तर ठेवा. पण ते उघडून स्वच्छ करा. वीस वर्षांची धूळ, पानं, कधी उंदराचं घरटंसुद्धा निघतं. कॉइलवर तेलाचा ओला डाग दिसला तर ती गळते आहे, बदला. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह नवाच घाला.

*कंडेन्सर.* इथे कंजुषी नको. जुन्या गाड्यांत नळी आणि पंख्यांचा कंडेन्सर असतो. त्याऐवजी बारीक चपट्या वाहिन्यांचा, ज्याला पॅरलल फ्लो म्हणतात तो, जाळीमागे मावेल तेवढा मोठा घ्या. हजीऱ्याच्या बाजूला गाडी उभी राहत असेल तर आणखी एक त्रास : खारी हवा. तिने ॲल्युमिनियमच्या पाकळ्या पांढऱ्या पडून भुसभुशीत होतात. महिन्यातून दोनदा साध्या पाण्याने पुढची जाळी आणि कंडेन्सर धुवा. मात्र प्रेशरचा फवारा जवळून मारू नका, पाकळ्या वाकतात.

*पाइप.* जुने रबरी पाइप नव्या गॅसला चालत नाहीत, गॅस हळूहळू झिरपतो. आतून अस्तर असलेले नवे पाइप क्रिम्प करून घ्या. लांबी इंजिन बसल्यावरच मोजा, थोडी ढील ठेवा. ओ-रिंग सगळ्या नव्या.

*ड्रायर.* नेहमी नवा, आणि अगदी शेवटी बसवायचा. त्याची झाकणं गॅस भरायच्या थोडं आधीच काढायची.

गॅस : जुना कुठला, नवा कुठला?

१९९० च्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांचा एसी आर-१२ गॅसवर चालायचा. तो ओझोनच्या थराला मारक. १९८७ चा मॉन्ट्रियल करार झाला, भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला आणि २०१० पर्यंत हे गॅस आपल्याकडे बंद झाले. आता गाड्यांत भरला जातो तो प्रामुख्याने आर-१३४ए.

नुसता गॅस बदलून भागत नाही. आर-१२ बरोबरचं खनिज तेल नव्या गॅसमध्ये मिसळत नाही, ते कंप्रेसरपर्यंत परत येत नाही आणि कंप्रेसर जाम होतो. म्हणून जुनं तेल पूर्ण काढा, कॉइल आणि पाइप फ्लश करा आणि कंप्रेसर बनवणाऱ्याने सांगितलेलं तेलच घाला. मापापेक्षा जास्त तेल घातलं तरी गारवा कमी होतो. गॅसही कमी लागतो, जुन्या आर-१२ च्या साधारण ८० ते ९० टक्के. शंका असेल तर वजनकाट्यावर थोडा थोडा भरून घड्याळांवरचा दाब बघा.

इंजिनाचं काम दोन-तीन आठवडे चालतं. तेवढे दिवस एसीचे पाइप उघडे लोंबकळत राहतात. हजीऱ्याच्या दमट हवेत हे अगदी वाईट. नव्या गॅसचं तेल पाणी शोषून घेतं. ते पाणी एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये गोठतं आणि आत आम्ल तयार होऊन धातू खातं. पाइप सुटला की त्याच मिनिटाला तोंड रबरी बुचाने बंद करा. शेवटी किमान अर्धा-पाऊण तास व्हॅक्यूम पंप लावा, पंप बंद करून काटा हलतो का बघा, मगच गॅस.

दोन इशारे. गॅस भरलेला असताना एसीच्या पाइपांजवळ वेल्डिंग किंवा गॅसकटर नको. ज्वाळेत हे गॅस फुटून विषारी वायू तयार होतात. गॅस आधी मशीनने काढून घ्या. आणि "स्वस्तातला गॅस" म्हणून कुणी स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा जळणारा गॅस भरत असेल तर गाडी तिथून काढा. कॉइल तुमच्या पायाशी असते. ती गळली तर ठिणगी पुरे.

रेडिएटर तापला की एसी गेला

जळलेल्या इंधनातली ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णता रेडिएटर बाहेर टाकतो. मोठं इंजिन म्हणजे ही उष्णताही जास्त. त्यात कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे, म्हणजे रेडिएटरला मिळणारी हवा आधीच तापलेली. जुना रेडिएटर ठेवून मोठं इंजिन आणि एसी दोन्ही चालवायला गेलात तर कोंडाईबारीत काटा लाल रेषेला टेकणार.

रेडिएटर नव्या इंजिनाच्या मापाचा घ्या. पंख्याभोवतीचं आवरण, शराउड, फेकून देऊ नका. ते नसेल तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी बॉनेटखालचीच गरम हवा फिरवत बसतो. कंडेन्सरला वेगळा इलेक्ट्रिक पंखा द्या आणि तो कंप्रेसरच्या क्लचबरोबर चालू होईल अशी रिलेवर जोडणी करा. रेडिएटर आणि कंडेन्सरच्या कडेच्या फटी फोमच्या पट्टीने बुजवा, म्हणजे हवा बाजूने निसटत नाही. उभ्या गाडीत एसी गरम हवा फेकतो आणि चालत्या गाडीत गार, अशी तक्रार असेल तर दोष बहुतेक वेळा इथेच सापडतो, गॅसमध्ये नाही.

विजेचं आणि आयडलचं गणित

क्लचला ४ अँपिअर, ब्लोअरला १० ते १५, कंडेन्सरच्या पंख्याला ८ ते १२, हेडलाइटला १० च्या आसपास. बेरीज ३५-४० वर जाते. आणि आयडलला अल्टरनेटर पाटीवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा बराच कमी देतो. म्हणून मोठ्या इंजिनाचाच अल्टरनेटर वापरा आणि प्रत्येक जोडणीला रिले आणि फ्यूज घाला. एसीची वायर थेट इग्निशन स्विचवर जोडणं म्हणजे आगीला आमंत्रण.

कंप्रेसर लागला की आयडल पडू नये यासाठी कार्बोरेटरच्या किंवा जुन्या डिझेलच्या गाडीत आयडल उचलणारा व्हॅक्यूमचा छोटा भाग लागतो. इंजेक्शनच्या इंजिनात हे काम ईसीयू करतो. पण एसी चालू झाल्याचा संकेत त्याला मिळायला हवा. ती एक वायर मिस्त्री विसरतो आणि महिनाभर "गाडी सिग्नलला बंद पडते" म्हणून फेऱ्या होतात. कमी आणि जास्त दाबाला कंप्रेसर बंद करणारा प्रेशर स्विचही टाळू नका. दाब ४०० पीएसआयच्या पुढे गेला तर त्यानेच थांबवायचं असतं, नाही तर पाइप फुटतो.

ज्याने जीव जाऊ शकतो ती गोष्ट

आतापर्यंतच्या चुकांनी पैसे जातात. या चुकीने माणूस जातो.

इंजिन आणि केबिन यांच्या मध्ये पत्र्याची भिंत असते. मोठं इंजिन बसवताना तिच्यात नवी भोकं पडतात, जुनी उघडी राहतात. जुन्या वायरींची, जुन्या केबलची, एसीच्या पाइपची. इंजिन नवं, म्हणजे सायलेन्सरचा पाइपही जोडून बनवलेला, जोड कुठेतरी फुंकत असतो. खिडक्या उघड्या असतात तोवर काही कळत नाही. एसी लावला, काचा बंद केल्या, आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत साचायला लागतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. आपण म्हणतो, ऊन लागलं असेल.

म्हणून भिंतीचं प्रत्येक भोक रबरी ग्रोमेटने किंवा उष्णता सहन करणाऱ्या सीलंटने बंद करा. रात्री बॉनेटखाली टॉर्च ठेवा आणि आत बसून बघा, कुठून उजेड येतो. कुलिंग कॉइलच्या पाण्याची नळी गाडीच्या खाली, सायलेन्सरपासून लांब काढा. सायलेन्सरचे सगळे जोड तपासून घ्या. आणि उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून, एसी लावून झोपू नका. बंद गॅरेजमध्ये तर मुळीच नाही. रस्त्यात सगळ्यांचंच डोकं दुखायला लागलं तर काचा खाली करा, गाडी थांबवा, मोकळ्या हवेत या. त्रास थांबला नाही तर दवाखाना गाठा.

गाडी ताब्यात घेण्याआधीची चाचणी

गॅरेजच्या सावलीत पाच मिनिटं एसी लावून बघणं ही चाचणी नव्हे. दुपारी दोन वाजता या आणि हे करा.

पहिलं, गाडी उन्हात उभी करून, बॉनेट बंद, एसी पूर्ण, २० मिनिटं आयडलला ठेवा. तापमानाचा काटा मधेच स्थिर राहिला पाहिजे. दुसरं, झडपेत साधा थर्मामीटर लावा. गाडी चालत असताना हवा आत फिरवण्यावर ठेवून ८ ते १२ अंश मिळाले तर काम चांगलं झालं. तिसरं, हेडलाइट, ब्लोअर, वायपर सगळं एकदम लावा. दिवे मंद होतात का? चौथं, चढाचा किंवा लांब पुलाचा रस्ता, चार माणसं बसवून. पाचवं, दुसऱ्या दिवशी बॉनेट उघडून प्रत्येक जोडावर बोट फिरवा. तेलकट लागलं तर तिथे गळती आहे.

उरलेले पैसे ही चाचणी झाल्यावरच द्या.

इंजिन बदलायचंच नसेल, किंवा परवानगी मिळाली नाही तर?

तर मन खट्टू करू नका. आहे त्या इंजिनाचं काम नीट करून घ्या : कॉम्प्रेशन, डिझेल असेल तर पंप आणि नोझल, क्लच. जुन्या जड कंप्रेसरऐवजी हलका, नव्या बनावटीचा कंप्रेसर आणि मोठा कंडेन्सर बसवता येतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर काही सेकंद कंप्रेसर सोडणारा स्विच लावला की घाटात आणि ओव्हरटेकला ताकद परत मिळते. छताखाली, पायाखाली आणि इंजिनाच्या भिंतीला उष्णतारोधक थर द्या, दारांचे रबर बदला. उष्णता आत आलीच नाही तर ती बाहेर काढायलाही लागत नाही. बऱ्याच जुन्या गाड्यांना मोठ्या इंजिनाची गरज नसते, एवढं केलं तरी भागतं.

निघताना मात्र हे लक्षात असू द्या. हजीऱ्याहून गाडीत बसलात की आधी पाच मिनिटं काचा उघड्या ठेवून कोंडलेली गरम हवा जाऊ द्या, मग एसी लावा आणि हवा आत फिरवण्यावर ठेवा. अधूनमधून, साधारण अर्ध्या तासाने, दोन मिनिटं बाहेरची हवा आत घ्या. आणि कोंडाईबारीच्या पायथ्याला तापमानाच्या काट्यावर एक नजर टाका. काटा चढत असेल तर आधी एसी बंद करा, गाडी बाजूला घेऊन दहा मिनिटं थांबा. लग्नाला थोडा उशीर झाला तरी चालतो.